मीटर आधीं, मोटार मागून

गेल्या महिन्यांत या सदरांत मुलांच्या हस्ताक्षराविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीनें विचारलें आहे, "मास्तर, अक्षरांचें झालें, आतां घरांतील आंकड्यांविषयीं कधीं लिहिणार?" या प्रश्नाचें उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आमच्याच घरानें आणली. ज्या विषयावरून आमच्या घरीं दोन महिने रात्रीच्या पंगतींत कोणी मोकळेपणीं बोलेना, तो विषय मोटारीचा होता. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या जुन्या मॅट्रिक मास्तरानें मोटारीविषयीं काय सांगावें, असें वाचकांस वाटेल. मलाहि तसेंच वाटत होतें. परंतु हा प्रश्न आज ना उद्यां बहुतेक घरांच्या उंबरठ्याशीं येणारच. तेव्हां आमच्या घरीं तो कसा आला, त्याचा हिशेब कसा झाला आणि त्या हिशेबांत मी कोठें चुकलों, हें सारें सांगितलें तर कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें लिहितों.

आमचें घर एकत्र आहे. मी, माझे धाकटे बंधु, दोघांचीं कुटुंबें, मुलें, सुना व नातवंडें मिळून अकरा पानें मांडलीं जातात. जुन्या नाशकांतील वडिलार्जित वाड्याचा आमच्या वांट्याचा पैसा दोघां भावांच्या नांवें बँकेंत ठेव म्हणून आहे. तो आमच्या वडिलांचा पैसा. त्यास हात लावावयाचा तर दोघांच्या मनानें, असा आमचा अलिखित करार आहे. दारांतील डिझेलची मोटार चौदा वर्षांची झाली. पुढील वर्षीं तिच्या नोंदणीचीं पंधरा वर्षें भरतात. तेव्हां नवी घ्यावयाची तर कोणती, हा प्रश्न निघाला. माझ्या थोरल्या मुलाचें म्हणणें विजेची घ्यावी. बंधूंचें म्हणणें पुन्हां डिझेलचीच घ्यावी. मधला मार्ग म्हणून सूनबाईंनीं पेट्रोलचें नांव काढलें, तें दोघांसहि आवडलें नाहीं.

बंधूंचा आग्रह समजून घेण्यास नाशिकची थोडी माहिती पाहिजे. बाहेरच्या लोकांस आमचें गांव रामकुंड, काळाराम आणि द्राक्षें यांवरून ठाऊक असतें. परंतु गेल्या अर्धशतकांत येथील शेंकडों घरांची चूल सातपूर व अंबड येथील कारखान्यांवर पेटली. महिंद्राच्या मोटारी येथें जुळतात, इगतपुरीस त्यांचीं इंजिनें होतात. आणि पूर्वीं मायको म्हणून ओळखला जाणारा, आज बॉश या नांवानें चालणारा सातपूरचा कारखाना डिझेल इंजिनाचीं नोझलें करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. नोझल म्हणजे केसाइतक्या बारीक छिद्रांतून, प्रचंड दाबाखालीं, डिझेलचा फवारा इंजिनांत सोडणारी बोटभर लांबीची वस्तु. बंधूंनीं अशाच कामावर चौतीस वर्षें काढलीं. त्यांच्या पगारावर माझ्या मुलांची शिक्षणें झालीं. मास्तराच्या पगारांत तीं झालीं नसतीं, हें मी उघडपणें सांगतों. म्हणून मुलानें विजेच्या मोटारीची गोष्ट प्रथम काढली तेव्हां बंधु एवढेंच म्हणाले, "दादा, जिच्यांत नोझल नाहीं, त्या गाडीला दसऱ्याला फुलें मीं कोणत्या हातानें वाहावीं?" आणि पानावरून उठून गेले.

मुलगा हुशार आहे. दुसऱ्या दिवशीं त्यानें कागदावर हिशेब मांडून आणला. जुन्या मोटारीच्या नोंदी मी प्रथमपासून वहींत ठेवल्या आहेत. त्यांवरून वर्षाची सरासरी धांव १२,००० किलोमीटर निघाली. पेट्रोलची मोटार एका लिटरांत १५ किलोमीटर जाते आणि लिटरास १०४ रुपये पडतात असें धरल्यास वर्षास ८०० लिटर, म्हणजे ८३,२०० रुपये लागतात. विजेची मोटार घरच्या मीटरवरील एका युनिटांत, भरतांना वाया जाणारी वीज धरून, ६ किलोमीटर जाते. म्हणजे वर्षास २,००० युनिटें. आमचें महिन्याचें वीजबिल ३४० युनिटांस ४,२५० रुपये, म्हणजे युनिटास साडेबारा रुपये. त्या दरानें वर्षास २५,००० रुपये. वर्षाची बचत ५८,२००, दहा वर्षांची ५,८२,०००. एका आकाराच्या दोन मोटारींत रस्त्यावर येईपर्यंतची किंमत पेट्रोलची १२ लाख व विजेची साडेचौदा लाख धरली, तर जास्तीचे अडीच लाख वजा जातां ३,३२,००० रुपयांचा निव्वळ लाभ. कागद पाहून मी प्रसन्न झालों, आणि बंधूंचा विरोध निव्वळ भावनेचा आहे असें मनाशीं ठरवून टाकलें. ही माझी पहिली चूक.

तरी मास्तरकीची संवय सुटत नाहीं. उत्तर बरोबर आलें तरी रीत तपासावी, असें मुलांस सांगत आलों. तें घरच्या मुलास कां लावूं नये? वाहन शब्द 'वह्' धातूपासून झाला; जें आपणांस वाहून नेतें तें वाहन. परंतु हिशेब अर्धा राहिला तर कांहीं वर्षांनीं आपणच त्यास वाहूं लागतों. मोटारीचा खर्च म्हणजे केवळ तेल नव्हे. किंमत, कर, इंधन, दुरुस्ती, विमा, गुंतलेल्या पैशाचें व्याज आणि शेवटीं विकतांना हातीं येणारी रक्कम, अशीं सात कलमें मीं काढलीं आणि एकेक तपासूं लागलों.

प्रथम किंमत व कर. विजेच्या मोटारीवरील वस्तु व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पेट्रोल-डिझेलच्या लहान मोटारींवर तेव्हां २८ टक्के व वर उपकर होता. ही तफावत धरून केलेले जुने हिशेब अजून लोकांच्या तोंडीं आहेत. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर १८ टक्के झाला, आणि दोहोंमधील अंतर पुष्कळ कमी झालें. राज्याच्या मोटार-करांत मात्र अंतर आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के कर पडतो. विजेच्या मोटारींस राज्यानें २०२१ च्या धोरणांत सूट दिली आणि २०३० पर्यंतच्या २०२५ च्या धोरणांत ती पुढें चालू ठेविली. याच धोरणांत समृद्धि महामार्ग, मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग व अटल सेतु येथील पथकराची माफीहि ठेविली आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा तुकडा ५ जून २०२५ रोजीं खुला झाल्यामुळें मुंबईस जाणाऱ्या नाशिककरास ही गोष्ट कामाची आहे. उलट, कर्जाच्या व्याजावर आयकरांत दीड लाखांपर्यंत मिळणारी सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आज कोणी ती सवलत सांगून मोटार विकूं लागला, तर नम्रपणें तारीख दाखवावी. मुलानें धरलेल्या किमतींत हे सर्व कर आले होते. तेथें दोष नव्हता.

दोष पुढें होता. जास्तीचे अडीच लाख ठेवींतून काढावयाचे. त्यांवर शेंकडा ७ दरानें वर्षास १७,५०० रुपये व्याज बुडतें. दहा वर्षांत १,७५,०००. हें कलम त्यानें धरलेंच नव्हतें. दुरुस्तींत विजेची मोटार स्वस्त पडते. तिला इंजिनचें तेल नाहीं, गाळण्या नाहींत, क्लच नाहीं. तेथें वर्षास ४,००० वांचतात असें धरलें. विम्यांत तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या हप्त्यावर विजेच्या खासगी मोटारींस १ जून २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे. परंतु मोटारीचीच किंमत अधिक असल्यानें तिच्या स्वतःच्या विम्याचा हप्ता अधिक येतो. तेथें वर्षास ५,००० जास्त धरले. म्हणजे एका हातानें मिळालें तें दुसऱ्या हातानें गेलें, वर हजार रुपये अधिक. शेवटचें कलम विक्रीचें. दहा वर्षांनीं पेट्रोलच्या मोटारीचे तीन लाख येतील असें धरलें, तर विजेच्या मोटारीचे दीडच लाख धरावे असें मला वाटलें. कारण जुनी बॅटरी किती उरली हें घेणाऱ्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याची किंमत बाजार कमी करतो.

आतां मुलाच्या ३,३२,००० मधून व्याजाचे १,७५,००० वजा केले, उरले १,५७,०००. दुरुस्तीचे ४०,००० मिळविले, विम्याचे ५०,००० वजा केले, उरले १,४७,०००. विक्रींतील दीड लाख वजा केले, तर लाभ सरला आणि उलट ३,००० रुपयांची खोट आली. म्हणजे दहा वर्षांच्या शेवटीं दोन्ही मोटारी एकाच रेषेवर. मुलाचें तोंड उतरलें. मला वाटलें, तराजूचीं पारडीं समान झालीं. आतां बंधूंस समजावून सांगणें सोपें.

त्या रात्रीं तो कागद बंधूंपुढें ठेविला. त्यांनीं चष्मा लावला, कागद वाचला, आणि कांहीं न बोलतां देवघराच्या फडताळांतून विजेचें बिल काढून आणलें. मग म्हणाले, "दादा, युनिटास साडेबारा हा दर कोठून आला?" मुलानें भागाकार दाखविला. बंधु म्हणाले, "हा सरासरीचा दर झाला. गाडीची वीज सरासरीच्या दरानें येणार नाहीं. पंगतींत जो शेवटीं बसतो, त्याच्या पानावर पहिल्या वाढपाचें येतें काय?"

मीं बिल हातीं घेतलें आणि माझी दुसरी चूक माझ्या लक्षांत आली. घरगुती विजेचा दर आपल्याकडे पायऱ्यांचा आहे. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग, आणि ५०० च्या वर सर्वांत महाग. वर १६ टक्के वीजशुल्क. आमच्या घरांत आधींच ३४० युनिटें जळतात. मोटारीचीं महिन्याचीं सुमारें १६७ युनिटें त्यांवर चढणार, म्हणजे तीं जवळजवळ सर्व तिसऱ्या पायरीवर बसणार. शुल्क धरून त्या पायरीस आम्हीं युनिटामागें १८ रुपये धरले. म्हणजे वर्षास २५,००० नव्हे, ३६,००० रुपये. दहा वर्षांत १,१०,००० अधिक. ३,००० ची खोट १,१३,००० झाली. शाळेंत चाळीस वर्षें मुलांस सरासरी शिकविणाऱ्या माणसास सरासरी कोठें लावूं नये हें कळलें नाहीं, आणि कारखान्यांत सूक्ष्म मापें पाहणाऱ्या माणसास तें एका दृष्टिक्षेपांत कळलें. ज्यास मीं भावनेचा विरोध म्हटलें होतें, त्याच्या पोटीं व्यवहार होता.

येथें एकत्र कुटुंबांनीं विशेष लक्ष द्यावें. दोघां-तिघांच्या घरीं वीज कमी जळते. त्यांची मोटार दुसऱ्या पायरीवर बसेल. अकरा माणसांच्या घरीं एकच मीटर असतो, म्हणून तेथें ती वरच्या पायरीवर बसते. चुलीच्या बाबतींत एकत्र राहण्यानें खर्च वांचतो. मीटरच्या बाबतींत तो वाढतो.

बंधूंनीं चूक दाखविली तेव्हां वाद मिटला असें मीं धरलें. पण खऱ्या कारागिराचा स्वभाव असा कीं, दोष सांपडला म्हणजे तो दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नाहीं. दोन दिवसांनीं बंधूच म्हणाले, "गाडीला वेगळा मीटर घेतां येतो कीं नाहीं, तें पाहिलें पाहिजे." शोध केल्यावर कळलें कीं, वीजग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्यें दुरुस्ती होऊन मोटार भरण्यासाठीं स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकास मिळाला आहे. अशा स्वतंत्र मीटरवर आमच्या १६७ युनिटांस, दरमहाचा स्थिर आकार मिळवून, आम्हीं युनिटामागें ९ रुपये धरले. वर्षास १८,०००. १८ रुपयांच्या दराशीं तुलना करतां दहा वर्षांत १,८०,००० वांचले. आणि १,१३,००० ची खोट जाऊन ६७,००० चा लाभ आला. एका मीटरनें उत्तराचें चिन्ह बदललें.

परंतु सारी वीज घरींच भरतां येत नाहीं. पुणें नाशिकपासून सुमारें २१० किलोमीटर. लहान बॅटरीच्या मोटारीस तेवढें अंतर एका दमांत झेपेल अशी खात्री धरूं नये. घाट चढतांना वीज अधिक जाते, उतरतांना त्यांतील कांहीं परत मिळते. वाटेंत थांबून जलद यंत्रावर भरावें लागतें, आणि तेथील दरांत १८ टक्के सेवाकर असतो. वर्षांतील २,००० किलोमीटर अशा विजेवर धरले, युनिटास २२ रुपये धरले, तर ३३३ युनिटांस प्रत्येकीं १३ रुपये जास्त, म्हणजे वर्षास सुमारें ४,३०० व दहा वर्षांत ४३,०००. ६७,००० मधून ते गेले, उरले २४,०००. एकशेंवीस महिन्यांनीं भागलें, तर महिन्यास २०० रुपये. दोन महिने ज्यावरून पंगत अबोल झाली, त्या प्रश्नाचें आंकड्यांतील मोल महिन्यास दोनशें रुपये, अकरा माणसांत वांटून!

बंधूंच्या डिझेलचाहि हिशेब मीं त्याच न्यायानें केला. किंमत दीड लाख अधिक, तीवरचें व्याज, दुरुस्ती वर्षास दोन हजार अधिक. लिटरास ९१ रुपये व १८ किलोमीटर. पेट्रोलपेक्षां किलोमीटरामागें एक रुपया अठ्ठ्याऐंशी पैसे वांचतात. पण वरचा खर्च भरून निघण्यास वर्षास सुमारें १५,००० किलोमीटर धांव पाहिजे. आमच्या १२,००० वर डिझेल दहा वर्षांत पेट्रोलहून पन्नास हजारांनीं महाग पडतें. बंधु म्हणाले, "हें मला ठाऊक होतें. मारुतीनें १ एप्रिल २०२० पासून डिझेलच्या गाड्या बंद केल्या, तेव्हांच आम्हां कारखान्यांतल्या लोकांस कळलें."

वाचकांनीं आमचें उत्तर घेऊं नये; आमची रीत घ्यावी. या हिशेबांत सर्वांत बलवान् आंकडा किमतीचा नाहीं, तेलाचा नाहीं. तो धांवेचा आहे. हींच कलमें व घरचा ९ रुपयांचा दर धरून वर्षास २०,००० किलोमीटर धांव असेल, तर विजेची मोटार दहा वर्षांत पांच लाखांनीं स्वस्त पडते. तीच धांव ४,००० किलोमीटर असेल, म्हणजे देवदर्शन, लग्नकार्य आणि महिन्यांतून एकदां मामाचें घर एवढीच, तर ती साडेतीन लाखांहून अधिक महाग पडते. जी मोटार बहुतेक दिवस दारांत उभी राहते तिला वीज पाजा कीं पेट्रोल, ती महागच. तेव्हां प्रथम जुन्या मोटारीचा किलोमीटरचा आंकडा आज लिहून ठेवावा, आणि सहा महिन्यांनीं पुन्हां पाहावा. शेजाऱ्याची धांव आपल्या वहींत लिहूं नये.

बॅटरीविषयीं एक शब्द. जुन्या लोकांस बंगलोरची रेवा आठवत असेल. २००१ मध्यें निघालेल्या त्या चिमुकल्या मोटारींत शिशाच्या बॅटऱ्या असत आणि थोड्या वर्षांत त्या बदलाव्या लागत. विजेच्या मोटारीविषयींची पुष्कळशी भीति तेथून आली आहे. आजची लिथियमची बॅटरी निराळी आहे. तिची किंमत जगाच्या बाजारांत २०१० च्या सुमारास युनिटाच्या क्षमतेस हजार डॉलरांहून अधिक होती, ती २०२४ मध्यें ११५ डॉलरांवर आली. बहुतेक कंपन्या तिची हमी आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांत जें आधीं होईल तोंपर्यंत देतात. आमच्या धांवेनें आठ वर्षांत ९६,००० किलोमीटरच होतील. म्हणजे आम्हांस हमी वर्षांनीं संपेल, किलोमीटरांनीं नव्हे. नवव्या-दहाव्या वर्षीं बॅटरी बदलण्याची पाळी आली तर आमचे चोवीस हजार तर जातीलच, वर मोठी रक्कम पडेल. ही जोखीम मीं वहींत तांबड्या शाईनें लिहून ठेविली आहे. कांहीं विक्रेते ही जोखीम वेगळी काढून विकतात. २०२४ च्या सप्टेंबरांत निघालेल्या एमजी विंडसर मोटारीची किंमत बॅटरीशिवाय सांगून, बॅटरीचें भाडें किलोमीटरास साडेतीन रुपये ठेविलें होतें. आमच्या धांवेस तें भाडें वर्षास ४२,००० झालें असतें, आणि वीज निराळीच. थोड्या धांवेच्या माणसास मात्र अशी सोय परवडूं शकेल. पुन्हां तोच किलोमीटरचा आंकडा!

शेवटीं धुराचा प्रश्न बंधूंनींच काढला. "धूर आपल्या दारांतून जाईल, पण जाईल कोठें? एकलहऱ्यासच ना?" आमच्या नाशिकजवळ एकलहरें येथें कोळशावर चालणारें वीजकेंद्र आहे, प्रत्येकीं २१० मेगावॅटचे तीन संच. प्रश्न रास्त होता. उत्तर असें कीं, पेट्रोलमधील शक्तीचा सुमारें चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोंचतो, बाकीचा उष्णता होऊन जातो. विजेच्या मोटारींत भरलेल्या विजेचा बहुतेक भाग चाकांपर्यंत जातो. कोळसा जाळतांना वीजकेंद्रांतहि नासाडी होतेच, म्हणून लाभ वाटतो तेवढा मोठा नाहीं. पण तो आहे, आणि वीज जसजशी सूर्याची व वाऱ्याची होईल, तसतशी दारांतील जुनी मोटारहि आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या मोटारीस हें भाग्य नाहीं. शिवाय छपरावर सौर पत्रे बसविण्यास फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय योजनेंत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये साहाय्य आहे. तेवढ्या पत्र्यांची वीज चांगल्या उन्हांत दिवसास बारा युनिटांच्या आसपास येते. उंबरठ्यावरचा दिवा घरांत आणि अंगणांत दोहींकडे उजेड देतो, त्यास आम्ही देहलीदीपन्याय म्हणतों. हे पत्रे तसेच घर आणि मोटार दोहोंस पुरतील. मात्र तो खर्च वेगळा मांडावा. मोटारीच्या लाभांत त्याचा लाभ मिसळूं नये.

इतकें झाल्यावर एका रात्रीं मीं वही मिटली आणि बंधूंस म्हटलें, "आंकड्यांनीं उत्तर दिलें नाहीं. दोनशें रुपयांसाठीं तुझें मन मोडावें असें मला वाटत नाहीं. तूं सांगशील ती गाडी घेऊं." बंधु बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, तुम्हीं मला विचारलें नव्हतें, म्हणून मला राग होता. गाडीचा राग नव्हता. आमच्या हाताखालीं शिकलेलीं पोरें आजहि सातपुरास त्याच यंत्रांवर उभीं आहेत. ज्या गाडींत इंजिनच नाहीं, तिच्यांत त्यांचें काम कोठें, हें मला रात्रीं सुचतें. तें तुमच्या वहींत कोठें लिहिणार?"

खरेंच, त्यासाठीं वहींत कलम नाहीं. इंजिनांत शेंकडों हलते भाग असतात, विजेच्या मोटारींत फार थोडे. ज्या गांवानें ते भाग घडविले, त्या गांवास या बदलाची किंमत द्यावी लागेल, आणि ती आपल्या एका घरानें डिझेलची मोटार घेतल्यानें टळणार नाहीं. हें बंधूंस माझ्याहून अधिक कळत होतें. परंतु तें त्यांनीं बोलून दाखविण्यापूर्वीं आम्हीं त्यांच्यापुढें कागद टाकला, ही तिसरी चूक. आणि तिन्हींत हीच मोठी.

बोलून झाल्यावर त्यांचें मन हलकें झालेलें दिसलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजा आटोपून त्यांनीं स्वतःच मुलास हांक मारली आणि आपला निर्णय सांगितला. विजेची मोटार घ्यावी, पण अटीवर. प्रथम स्वतंत्र मीटरचा अर्ज करावा. त्याचा दर व स्थिर आकार लेखी घ्यावा. वायरिंग व अर्थिंग आपण स्वतः उभे राहून तपासूं. आणि मीटर भिंतीवर बसून फिरूं लागेपर्यंत मोटारीचा एक रुपयाहि आगाऊ देऊं नये. "मीटर आधीं, मोटार मागून," असें त्यांनीं सांगितलें. ठेव मोडण्याच्या कागदावर सही त्यानंतरच होईल. अर्ज गेला आहे. मोटार अद्याप आलेली नाहीं, आणि त्याची कोणास घाई नाहीं. या दसऱ्याला जुन्या डिझेलच्या मोटारीलाच हार पडेल, आणि तो बंधु घालतील.

असो. ज्या घरीं हा प्रश्न येईल, त्यांस एवढेंच सुचवितों: धांव स्वतःची लिहा, वीज वरच्या पायरीच्या दरानें धरा, ठेवीचें व्याज विसरूं नका, विक्रीची आशा कमी ठेवा. आणि घरांत ज्याचा विरोध असेल, त्याला आधीं विचारा. हिशेबांतील चूक बहुधा त्यालाच सांपडते.